लहान मोटारीच्या कमानी

वाहन आणि रस्ता यांचें भांडण फार जुनें आहे. ज्या दिवशीं चाक फिरूं लागलें त्याच दिवशीं त्याला आरंभ झाला असावा. कारण चाक कितीही गोल केलें तरी रस्ता कांहीं तितका सपाट होत नाहीं. खडीच्या रस्त्यानें छकड्यांतून पांच कोसांचा प्रवास ज्यानें केला आहे, त्याला या भांडणांत मार कोण खातो हें निराळें सांगावयास नको. चाक आणि बैठक यांच्यामध्यें मनुष्यानें जो मध्यस्थ नेमला, त्यालाच आपण कमान म्हणतों. टांग्याखालीं ती लोखंडी पाट्यांची असते. मोटारीखालीं कधीं पाट्यांची तर कधीं पोलादी वेटोळ्याची असते. आणि येथें ज्या लहानशा गाडीची हकीकत सांगावयाची आहे, तिच्याखालीं ती चक्क रबराची होती.

या मध्यस्थाकडे दोन कामें असतात. एक, बसणाराच्या हाडांस हिसका बसूं न देणें. दुसरें, चाकाला जमिनीपासून सुटूं न देणें. पहिलें काम सर्वांच्या ध्यानांत येतें, कारण तें कंबरेला कळतें. दुसऱ्याचा विचार मात्र संकटाच्या क्षणापर्यंत बहुधा कोणी करीत नाहीं. वस्तुतः चाक जमिनीला धरून आहे तोंवरच सुकाणूं आणि ब्रेक यांना कांहीं अर्थ आहे. चाक अधांतरी गेलें कीं निष्णात चालकही केवळ उतारू होऊन बसतो. पुन्हां हीं दोन कामें परस्परांच्या आड येतात. कमान मऊ ठेवावी तर गाडी वळणावर कलते. ताठ ठेवावी तर ती खड्ड्याखड्ड्यावर उडते. मोठ्या जड मोटारींत हा तंटा थोड्याबहुत तडजोडीनें मिटतो; लहान मोटारींत तो विकोपास जातो. यास्तव कारखान्यानें दिलेली कमान काढून तिच्या जागीं बाजारांतील दुसरी बसविण्याचा खटाटोप लहान मोटारींच्या मालकांनीं मोठ्या हौसेनें केला, आणि त्यांतून शहाणपण व फसगत या दोहोंचाही इतिहास घडला.

पाट्यांची लंबवर्तुळाकार कमान गाडीला बसविण्याचें पेटंट लंडन येथील गाड्या बांधणारे ओबाडाया एलियट यांनीं १८०४ सालीं घेतलें. त्यापूर्वीं गाडीचा सांगाडा एका जड, लांब तुळईवर तोललेला असे. एलियट यांच्या कमानींमुळें त्या तुळईची गरज उरली नाहीं आणि गाडी हलकी झाली. एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे वांकतांना एकमेकांवर घांसतात, आणि या घर्षणामुळें एकदां दबलेली कमान फार वेळ झुलत राहत नाहीं. घोड्याच्या चालीला एवढें पुरेसें होतें. परंतु मोटार आली, वेग वाढला, आणि हे झोके आवरेनासे झाले. तेव्हां फ्रान्समधील ट्रुफो यांनीं काढलेलें एक उपकरण अमेरिकेंत हार्टफर्ड यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींसाठीं विक्रीस आणलें. त्यांत कांहीं चकत्या एकमेकींवर दाबून बसविलेल्या असत. मधला नट आवळला कीं घर्षण वाढे, सैल केला कीं कमी होई. शॉक-अब्सॉर्बर या नांवानें तें सर्वतोमुखीं झालें. नांव मात्र फसवें आहे. धक्का सोसते ती कमान. हें उपकरण धक्क्यानंतरचे झोके थांबवितें. गाडी विकत घेतल्यावर मालकानें पदरचे पैसे खर्चून तिच्या चालींत सुधारणा करावी, या प्रथेचें हें एक अगदीं आरंभींचें उदाहरण होय.

पुढें १९२२ सालीं इंग्लंडांत हर्बर्ट ऑस्टिन यांनीं 'ऑस्टिन सेव्हन' ही चिमुकली गाडी काढली आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबाला मोटार परवडूं लागली. तिच्या पुढच्या बाजूस एक आडवी कमान असे, मागें दोन पाव कमानी असत. गाडी स्वस्त, साधी आणि घरच्या हत्यारांनीं उघडतां येण्याजोगी असल्यामुळें ती तरुण इंजीनियरांची शाळाच बनली. १९३० नंतरच्या दशकांत लेस्ली बॅलमी यांनीं एक युक्ति काढली. पुढचा अखंड आंस मध्यें कापून त्याचे दोन भाग बिजागरीवर टांगावयाचे, म्हणजे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोंचत नाहीं. अशा रीतीनें दुभंगलेले आंस ऑस्टिन व फोर्ड या लहान गाड्यांना बसविले जाऊं लागले. पुढें शर्यतीच्या मोटारींत जगप्रसिद्ध झालेले कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडीही एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरूनच १९४८ मध्यें बेतलेली होती.

याच शाळेंतला दुसरा विद्यार्थी म्हणजे ॲलेक इसिगोनिस. यांचा जन्म १९०६ सालीं स्मर्ना शहरीं झाला. तरुणपणीं ते ऑस्टिन सेव्हन घेऊन शर्यतींत उतरत. आणि पुढें जॉर्ज डाउसन या मित्राच्या साहाय्यानें त्यांनीं 'लाइटवेट स्पेशल' नांवाची एक हलकी शर्यतीची गाडी बहुतांशीं स्वतःच्या हातांनीं बांधली. तिच्या कमानींत त्यांनीं रबराचा उपयोग केला होता. म्हणजे पुढें लक्षावधि गाड्यांत जी कल्पना गेली, तिचें बीज एका हौशी माणसाच्या घरगुती कारखान्यांत रुजलेलें होतें.

रबराचें दुसरें घराणें होतें मोल्टन यांचें. ॲलेक्स मोल्टन यांचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनीं १८४८ सालीं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गांवीं एका बंद पडलेल्या लोंकरीच्या गिरणींत रबराचा कारखाना काढला. या घराण्याच्या व्यवसायांत आगगाडीच्या डब्यांना लागणाऱ्या रबरी बफरांचें काम महत्त्वाचें होतें. डबे एकमेकांवर आदळले असतां तो आघात रबरानें सोसावयाचा, ही विद्या त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. १९५६ सालीं तो कारखाना दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला, आणि मोटारींच्या कमानींचें संशोधन करण्यासाठीं ॲलेक्स मोल्टन यांनीं आपली स्वतंत्र संस्था उभारली. इसिगोनिस यांच्याशीं त्यांचा स्नेह त्यापूर्वींच जडला होता.

त्याच १९५६ सालीं सुएझ कालव्याचा पेंच उद्भवला, इंग्लंडांत पेट्रोलचें नियंत्रण सुरू झालें, आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे अध्यक्ष लेनर्ड लॉर्ड यांनीं इसिगोनिस यांस एक खरीखुरी लहान गाडी काढावयास सांगितलें. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं ती लोकांपुढें आली. तीच 'मिनी'. लांबी अवघी १० फूट. त्यांत चार माणसें व त्यांचें सामान. इंजिन आडवें बसविलेलें, गिअर त्याच्याच पोटांत, आणि चाकें फक्त १० इंचांच्या टायरांचीं. एवढ्या लहान गाडींत पाट्यांच्या किंवा वेटोळ्यांच्या कमानींना जागा द्यावी, तर ती माणसांच्या गुडघ्यांतूनच काढावी लागली असती.

परंतु खरी अडचण जागेची नव्हती, वजनाची होती. रिकाम्या गाडीचें वजन सुमारें ६०० किलो. तिच्यांत प्रत्येकीं ७० किलोंचीं चार माणसें बसलीं कीं २८० किलोंची भर पडते. म्हणजे गाडीच्या जवळजवळ निम्मी. हींच चार माणसें २,००० किलोंच्या मोठ्या मोटारींत बसलीं तर तो भार केवळ एक-सप्तमांश होतो. तेव्हां लहान गाडीची कमान एकट्या चालकाला सोईची असेल तर भरलेल्या गाडीखालीं ती बसकण मारणार, आणि भरलेल्या गाडीच्या मानानें केली तर एकट्या चालकाला ती दगडासारखी लागणार. यावर मोल्टन यांचें उत्तर म्हणजे रबराचा शंकू. आंतबाहेर धातू आणि मध्यें रबर अशी त्याची रचना असते. थोडा भार असतां तो सहज दबतो. भार वाढेल तसतसा तो अधिकाधिक ताठ होत जातो. चाकाचा आघात तरफेच्या दांड्यामार्फत आणि तेथून ॲल्युमिनमच्या कर्ण्यासारख्या एका खुंटामार्फत त्याच्यापर्यंत पोंचतो. तरफेमुळें चाक कित्येक पट हालतें तेव्हां शंकू थोडासाच दबतो. म्हणूनच तो इतका लहान करतां आला. शिवाय रबर दबून पुन्हां फुगतांना कांहीं शक्ति स्वतःच गिळतें, त्यामुळें झोकेही अंशतः आपोआप शमतात.

लोकांना ही गाडी आवडली, पण तिनें त्यांना हिसकेही पुष्कळ दिले. चाकाला वरखालीं होण्यास वाव थोडा, टायर लहान, आणि रबर स्वभावतः करडें. मात्र वळणावर ती जमिनीला अशी धरून राही कीं दुप्पट किंमतीच्या गाड्यांनीं मागें पडावें. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांनीं हा गुण हेरला, आणि १९६१ सालीं 'मिनी कूपर' निघाली. १९६४ सालीं पॅडी हॉपकर्क यांनीं माँटे कार्लोची शर्यत १,०७१ घनसेंटिमीटरच्या मिनींत बसून जिंकली. दुसऱ्या क्रमांकाची फोर्ड फाल्कन चारपटीहून मोठ्या इंजिनाची होती. शर्यतीच्या नियमांत लहान इंजिनांस कांहीं सवलत होती, हें खरें. तथापि बर्फाळ घाटांतून गाडी धरून ठेवण्याचें काम कांहीं नियमांनीं केलें नव्हतें. १९६५ व १९६७ सालींही तेंच यश मिनीला लाभलें.

मोल्टन मात्र स्वस्थ बसले नव्हते. गाडीचें पुढचें चाक उंचवट्यावर चढलें कीं गाडीचें नाक वर उचललें जातें, आणि क्षणानंतर मागचें चाक चढलें कीं शेपूट. हें नौकेसारखें डुलणेंच प्रवाशाला अधिक शिणवितें. या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास मॉरिस ऑली या इंग्रज इंजीनियरांनीं १९३० नंतर अमेरिकेंत कॅडिलॅकच्या कारखान्यांत केला होता. गाडीवर वजनें पुढेंमागें सरकवून त्यांनीं प्रयोग केले आणि दाखविलें कीं पुढच्या कमानी मागच्यांहून मऊ असाव्यात. मागचा झोका उशिरां सुरू होतो, पण जलद असल्यामुळें तो पुढच्याला गांठतो, आणि दोन्ही टोकें एकदम वरखालीं होऊन डुलणें थांबतें. मोल्टन यांनीं याच दुखण्यावर निराळी मात्रा काढली. त्यांनीं एका बाजूचीं पुढचें व मागचें अशीं दोन्ही चाकें द्रवानें भरलेल्या नळीनें जोडलीं. पुढचें चाक उचललें कीं द्रव मागें जाई आणि मागची बाजूही तितकीच उचलून धरी. 'हायड्रोलॅस्टिक' नांवाची ही योजना १९६२ सालीं मॉरिस ११०० या गाडींत आणि १९६४ सालीं मिनींत आली.

कागदावर याहून सुंदर उपाय नव्हता. परंतु मिनी फार आंखूड. वेग एकदम वाढविला कीं द्रव पुढें लोटला जाई, शेपूट बसे, नाक उचले. आणि ओढणारीं चाकें तर पुढचींच. म्हणून पुष्कळ जातिवंत चालकांना कोरडी रबरी कमानच बरी वाटे. द्रवाच्या योजनेचा खर्चही अधिक होता. अखेर १९६९ ते १९७१ या अवधींत मिनी पुन्हां साध्या रबरी शंकूवर आली, आणि तेथेंच राहिली. अधिक सुधारलेली वस्तु ही त्या विशिष्ट ठिकाणीं अधिक चांगलीच असते असें नाहीं, हा धडा खुद्द कारखान्यानें अशा रीतीनें पैसे मोजून घेतला.

आतां मालकांनीं काय केलें तें पाहूं. शर्यतींतल्या मिनी जमिनीलगत धांवतांना पाहून सर्वांनाच आपली गाडी खालीं बसवावीशी वाटली. त्याचा स्वस्त मार्ग म्हणजे शंकूखालचा तो ॲल्युमिनमचा खुंट कापून आंखूड करणें. तरफेच्या हिशेबानें येथें केंसभर घासलें कीं गाडी बोटभर उतरे. आणि एकदां कापलेला खुंट कांहीं वाढत नाहीं. पुढें मळसूत्राचे खुंट निघाले. 'हाय-लो' या नांवानें ते ओळखले जातात. त्यांनीं गाडीची उंची पान्यानें कमीजास्त करतां येते, आणि चारही कोंपरे सारखे करतां येतात. ही खरी उपयुक्त सुधारणा होती. पण साधन चांगलें असलें म्हणजे त्याचा उपयोगही चांगला होतोच असें नाहीं. मिनीच्या चाकाला मुळांतच वाव थोडा. गाडी फार उतरविली कीं उरलेला वावही जातो, आणि प्रत्येक खड्ड्याला तरफ शेवटच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळते. त्या क्षणीं गाडीला कमान नसतेच. चाक उडतें, टायर मडगार्डला घांसतो, आणि ज्या पकडीसाठीं हा खटाटोप केला तीच हातची जाते. शर्यतीचा रस्ता गुळगुळीत असतो, हें विसरल्याचा हा परिणाम.

दुसरी सुधारणा शॉक-अब्सॉर्बरांची. आतां त्यांत चकत्यांच्या जागीं तेल आलें होतें. घोडागाड्यांच्या सामानापासून धंद्याला आरंभ केलेली हॉलंडची कोनी कंपनी या कामांत नांवाजली. तिचे आणि इतरांचे, जोर कमीजास्त करतां येणारे शॉक-अब्सॉर्बर मिनीला बसूं लागले. येथेंही एक मोह होता. जोर पूर्ण वाढविला कीं गाडी घट्ट लागते, आणि घट्टपणा म्हणजेच पकड असें नवशिक्याला वाटतें. खरें पाहतां अति आवळलेला शॉक-अब्सॉर्बर चाकाला उंचवट्यावरून परत जमिनीवर येऊंच देत नाहीं.

तिसरी गोष्ट चाकांच्या कलण्याची. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस झुकते आणि टायरची कडच तेवढी जमिनीला टेकते. म्हणून खालची तरफ किंचित् लांब घालून चाकाचा माथा सुमारें दीड अंश आंत कलविण्याची पद्धत पडली. खर्च थोडा, फायदा लगेच जाणवणारा. टायर मात्र आंतून लौकर झिजतो. चौथी, मागच्या दोन चाकांना जोडणारी पिळाची दांडी. मूळ मिनीला ती नव्हती. पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें नाक वळणावर बाहेर पळूं पाहतें. मागें दांडी बसविल्यानें तें आंत येतें. पण हीच दांडी फार जाड असली तर ओल्या रस्त्यावर शेपूट निसटतें. एका टोकाला दिलेलें बळ दुसऱ्या टोकाकडून वसूल होतें, हा ऑलींच्या अभ्यासाचा मथितार्थ येथेंही लागू पडतो.

पांचवा आणि सर्वांत मोठा फेरफार म्हणजे रबरी शंकूच काढून त्या जागीं पोलादी वेटोळ्याची स्प्रिंग घालणें. तिनें गाडी मऊ चालते हें निःसंशय. परंतु पोलाद रबराप्रमाणें स्वतः झोके गिळत नाहीं, म्हणून सोबत योग्य जोराचे शॉक-अब्सॉर्बर हवेतच. तसेंच साधी स्प्रिंग भार वाढल्यावर रबराइतकी ताठ होत नाहीं. ज्या अडचणीवर मोल्टन यांनीं उपाय काढला होता, ती चार माणसें बसल्याबरोबर पुन्हां दारांत उभी राहते. एकट्यादुकट्या चालकाला वेटोळें मानवतें. ज्याच्या घरीं रविवारीं सहकुटुंब प्रवास आहे त्याला रबरच बरें.

या सर्वांत दुःखाची गोष्ट अशी कीं पुष्कळांनीं नवा खर्च केला तो आजार न ओळखतां. रबराला वय असतें. कांहीं वर्षांनीं शंकू बसतो, त्याची लवचिकता जाते, गाडी आपोआप खालीं येते व धक्के देऊं लागते. खुंटाच्या टोंकाचा सांधा कोरडा पडतो, तरफांचे बुश झिजतात, एका बाजूचा शॉक-अब्सॉर्बर गळूं लागतो. मालकाला वाटतें मूळ योजनाच वाईट, आणि तो बाजारांतून महागडा संच आणून खिळखिळ्या सांध्यांवर बसवितो. ज्याला पाया भरावयाचा त्यानें भिंतीला रंग द्यावा, तसा हा प्रकार आहे. नवे शंकू, नवे सांधे, नवे बुश, चांगले टायर आणि साधे परंतु धडधाकट शॉक-अब्सॉर्बर एवढें केलें तर कित्येक गाड्यांना दुसऱ्या कशाचीही गरज उरत नाहीं. इतकें करून उणीव भासलीच, तर एका वेळीं एकच बदल करावा, त्याच ओळखीच्या रस्त्यावर गाडी फिरवून पाहावी, आणि मगच पुढचें पाऊल टाकावें. ब्रेकची नळी ताणली जात नाहीं ना, चाक पूर्ण वळविलें असतां कोठें घांसत नाहीं ना, हें पाहिल्यावांचून तर गाडी रस्त्यावर आणूंच नये. कारण चूक एकाची असली तरी त्याच रस्त्यानें दुसऱ्याचें मूलही शाळेला जात असतें.

मिनीचें उत्पादन ४ ऑक्टोबर २००० रोजीं थांबलें. तोंपर्यंत ५३ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या, आणि शेवटच्या गाडीखालींही मोल्टन यांचा रबरी शंकूच होता. इसिगोनिस १९८८ सालीं वारले. मोल्टन यांनीं १९६२ सालीं लहान चाकांची, रबरी कमानीची सायकल काढून तेंच तत्त्व दोन चाकांवर आणलें, आणि दीर्घ आयुष्य भोगून २०१२ सालीं त्यांनीं जगाचा निरोप घेतला. जुन्या मिनींना मऊ चाल देणारा 'स्मूदा राइड' नांवाचा संचही त्यांच्याच बुद्धींतून निघाला. आपल्याच कृतीचा दोष वृद्धपणीं मान्य करून तो दुरुस्त करण्यास बसणारा कारागीर विरळा.

या इतिहासांत ज्यांची सुधारणा टिकली, त्या सर्वांनीं आरंभ एकाच प्रश्नानें केला: या गाडींत कोण बसणार, किती बसणार, आणि ती कोणत्या रस्त्यानें जाणार? एलियट यांच्या घोडागाडीपासून मोल्टन यांच्या शंकूपर्यंत कमान घडली ती या प्रश्नाच्या उत्तरांतून. बाजारांत संच पुष्कळ मिळतात. हा प्रश्न मात्र ज्याचा त्यानें, पैसे मोजण्यापूर्वीं, स्वतःलाच विचारावा लागतो.